साहेब मोठा की यंत्र?

"भाऊजी, आज वाद नको हं," दार उघडताच वहिनींनी बजावलं. "डॉक्टरांनी ताकीद दिलीये. ह्यांचा पारा चढता कामा नये."

"मी कशाला वाद घालतोय?" धाकटा चपला काढत म्हणाला.

"अहो, आजवर तुम्ही दोघांनी दुसरं केलंय काय?"

धाकटा दर रविवारी थोरल्या भावाकडे यायचा आणि दोघे टेनिसवरून भांडायचे. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, हा भांडणाचा विषय. दादाचा खेळाडू लाकडी रॅकेटच्या जमान्यातला. त्याला घरात 'साहेब' म्हणत. साहेबावरची दादाची निष्ठा कधी ढळली नाही. धाकट्याचा उमेदवार मात्र दर दहा-बारा वर्षांनी बदलायचा, कारण नवा कुणीतरी जुन्याला मागे टाकायचा. सध्याच्याला दादाने 'यंत्र' असं नाव ठेवलं होतं.

दोघांनीही जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती, पण तावातावाने बोलायला रॅकेट कशाला लागते? "तुझ्या यंत्राला लाकडी रॅकेट दे आणि गवतावर सोड. पहिल्याच सेटला तोंडाला फेस येईल," दादा म्हणायचा. "आणि तुझ्या साहेबाला आत्ताची सर्व्हिस दिसेल तरी का? पंचाला विचारत बसेल, टाकला का हो चेंडू?" असं धाकटा म्हणायचा. मग दादाचा आवाज चढायचा, वहिनी कप आपटायच्या, आणि रविवार सार्थकी लागायचा.

धाकट्याचं लग्न झालं नव्हतं. 'जमलं नाही' एवढंच तो सांगे. नोकरी चष्म्याच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एकेक भिंग धरून दिवसभर विचारायचं, "हे बरं की ते बरं?" भिंगांचा निकाल चटकन लागतो, कारण डोळा तोच असतो. दोन जमान्यांच्या खेळाडूंचा कसा लागणार? लागत नव्हता म्हणून तर बरं होतं. आठवडाभर त्याच्याशी कामापलीकडे कुणी बोलत नसे. खोलीवर आलं की कुलूप उघडल्याचा आवाज, मग स्टोव्हचा, मग काही नाही. रविवारी मात्र त्याच्याशी कडाकडा भांडणारं एक माणूस होतं आणि त्या भांडणावर तो पुढचे सहा दिवस काढायचा.

आता त्याच माणसाची वाचा गेली होती. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. "कळतं त्यांना सगळं," डॉक्टर म्हणाले होते, "फक्त बोलता येत नाही."

दादा उशांना टेकून बसला होता. हनुवटीखाली टॉवेल. टीव्हीवर मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता, आणि बघता बघता यंत्र जिंकलं. लोक उभे राहिले. आजवरचा सर्वांत महान खेळाडू हाच, असं समालोचक ओरडून ओरडून सांगत होता. धाकट्याने या दिवसाची किती वाट पाहिली होती! आज दादाला चारी मुंड्या चीत करायचा मोका होता. त्याने मोठ्या उत्साहाने मान वळवली. दादाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. ती पुसायला त्याचा डावा हात टॉवेल शोधत होता आणि टॉवेल काही सापडत नव्हता.

धाकट्याने टॉवेल त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "दादा, तुझंच खरं रे. साहेबच मोठा. मी आपला उगाच भांडत होतो."

वर दादाचा हातही थोपटला.

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूहळू मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"डोळा लागला वाटतं," वहिनी कुजबुजल्या. "बरं केलंत भाऊजी. समाधान वाटलं असेल त्यांना."

धाकटा जिना उतरू लागला, पण मनात काहीतरी कुरतडत होतं. एका मजल्यावर तो थांबला. मागे त्याला स्वतःला कावीळ झाली होती, चांगलं हॉस्पिटलात पडायची पाळी आली होती. भेटायला येणारे सगळे गोड बोलत होते, आणि त्या गोडीनेच त्याने हाय खाल्ली होती. मग दादा आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "मरायच्या आधी कबूल कर, साहेब मोठा!" दोघे इतके भांडले की नर्सने दादाला बाहेर काढलं. त्या दिवशी धाकट्याला पहिल्यांदा वाटलं होतं, आपण काही मरत नाही.

आणि आपण आज काय केलं? दादाला सोडून दिलं. तू संपलास, असं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि वर हात थोपटला. त्याची त्यालाच लाज वाटली. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

"काय राहिलं?" वहिनींनी विचारलं.

"वाद राहिला."

"अहो, डॉक्टर..."

"डॉक्टरांना टेनिस कळत नाही, वहिनी," म्हणत तो आत शिरला. "दादा, मघाशी थाप मारली मी. तुझा साहेब आज पहिल्या फेरीत गारद होईल. ऐकतोयस? गारद! तेव्हा खेळणारे होते किती? चार श्रीमंतांची पोरं! त्यांच्यात राजा होणं म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी!"

पाठ तशीच होती. मग खांदा हलला. दादाचं तोंड इकडे वळलं, लालबुंद, आणि डोळ्यांत असा अंगार की धाकट्याला भरून आलं. डाव्या हाताची मूठ गादीवर आदळली. वहिनी धावत आल्या, तेव्हा त्याच हाताने दादाने त्यांना बाजूला व्हायची खूण केली. वहिनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग मुकाट्याने चौकटीला टेकल्या.

दादाचे ओठ हलू लागले. शब्द असा एकही येत नव्हता, नुसता घशातला आवाज. डावा हात हवेत मुद्दे मांडत होता. एक मुद्दा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला तो अडकला आणि पुन्हा पहिल्यापासून लागला. धाकटा स्टुलावर बसून ऐकत होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही, की घड्याळाकडे पाहिलं नाही. फार वेळाने हात चादरीवर उतरला. दादा धापा टाकत त्याच्याकडे बघू लागला.

"झालं तुझं बोलून?" धाकट्याने विचारलं. "मला नाही पटलं."