फळीवरचा मासा

मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी बाजारातलाच एक मासा झाकणाच्या पिंपात सोडला, मंत्र म्हटला, मासा बाहेर काढून कोरड्या फळीवर ठेवला. तासाभराने तो जिवंतच. शेजारचा बिनमंत्राचा केव्हाच गेला होता.

"याला आता मरण नाही! जो हा खाईल त्याच्या रोगाला मरण!" महाराज गरजले.

मरण नसलेला मासा खायचा कसा, हे कुणी विचारलं नाही.

खात्रीसाठी त्यांनी बाजारातल्या मासे कापणाऱ्याला पुढे बोलावलं. त्याने कल्ले उघडले, खवले चाचपले. "तीस वर्षं हाच कापतोय. तोच आहे."

त्याच्या शब्दावर रांग लागली. पहिली त्याची बायको. मासा खाऊन तिने इन्सुलिन बंद केलं.

चौथ्या दिवशी तिला उठवेना.

"अगं, सुई घे."

"तुम्हीच म्हणालात ना, तोच मासा? माझा विश्वास तुमच्यावर आहे. महाराजांना कोण ओळखतंय!"

त्याने मेहुणीला गाठलं. ती प्रयोगशाळेत कामाला होती. तिने त्याच्याकडून माशांच्या परांचे तीन तुकडे मागवले: महाराजांच्या पुढच्या प्रयोगातल्या मंत्राआधीच्या माशाचा, नंतरच्या माशाचा, आणि महाराजांच्या शिष्याने घरामागच्या हौदात पाळलेल्या माशाचा. दुसऱ्या दिवशी ती ताईच्या उशाशी येऊन बसली.

"भावजी, पहिला एका जातीचा, दुसरा वेगळ्या. दिसायला जुळ्या बहिणी, पण जनुकांतल्या ठरावीक खुणा वेगळ्या. ही दुसरी जात हवेतही श्वास घेते."

"मंत्राने जात बदलली असेल," ताई पुटपुटली.

"मग हौदातल्याची कुणी बदलली? त्याला अजून मंत्र लागायचाय, तरी तोही या दुसऱ्या जातीचाच."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं.

"चुकलो गं मी," तो म्हणाला.

तिने दंड पुढे केला.

सुई टोचून होताच तो बाजारात गेला आणि भर गर्दीत पिंप आडवं केलं. आत दोन कप्पे. खालच्यात बाजारातला मासा, मेलेला.

"अश्रद्धा!" महाराज ओरडले, पण चपला शोधत. त्याने सगळ्यांना दोन जातींचं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही कुठला खाल्ला रे?" एका म्हातारीने विचारलं.

"जो हाती आला तो, मावशी. दोन्ही पोट भरतात, रोग कुठलाच बरा करत नाही. मी दोन मासे एकच समजून कापत होतो. तीस वर्षांचा डोळाही चुकतो. तेव्हा सांगणारा महाराज असो की मी, आधी तपासा. आणि ज्यांनी माझ्या शब्दावर औषधं सोडली, त्यांनी रांग सोडा. घरी जा, औषध घ्या."