टाचलेली चार पानं

मित्रांनो, माझं कापडी आवरण एके काळी निळं होतं. आता त्याचा रंग सांगायची मलाच लाज वाटते. मी एक जुना काव्यग्रंथ आहे. चारशे पानं, एक किल्ला, एक वेढा, दोन सेनापती आणि भरपूर मारामारी, एवढा माझा ऐवज. बाइंडरनं मला जाड दोऱ्यानं शिवलं म्हणून टिकलो. माझे भाऊबंद मोठ्या घरांतल्या काचेच्या कपाटांत गेले. तिथे त्यांना कुणी उघडलं नाही. लोक म्हणतात, खेळांनी पुस्तकं मारली. साफ खोटं. पुस्तकं मारली ती कपाटांनी.

मी गेलो शिवणाच्या खोलीत. सहा बायका तिथे गणवेश शिवत. दुपारी यंत्रं थांबत आणि हातशिलाई सुरू होई. त्या वेळी एकजण मला मोठ्यानं वाचायची. तिचा आवाज खडा होता. तिच्या वाटणीची बटणं बाकीच्या पाचजणी लावून टाकायच्या, अशी तिथली रीतच होती. वाचणारीची लहान मुलगी जमिनीवर सांडलेल्या, यंत्राचा दोरा गुंडाळायच्या बॉबिनी गोळा करायची, म्हणून सगळ्या तिला बॉबीनच म्हणत. शिवता शिवता त्या माझ्या सेनापतींना यथेच्छ शिव्या द्यायच्या. एवढं कौतुक माझं पुन्हा झालं नाही.

त्या सहाजणींत बटणांसाठी काजं करणारी एक मावशी होती. एके वर्षी तिचा मुलगा लढाईवर गेला आणि परत आला नाही. त्याचा देहही आला नाही. मावशी आठवड्यानं कामावर आली, खाली मान घालून काजं करू लागली. आता माझ्यात एक प्रसंग असा आहे की हरलेला सेनापती पडतो आणि त्याची म्हातारी आई हातात दिवा घेऊन रणांगणावर त्याला शोधत येते. वाचणारीनं तो भाग आदल्या दिवशीच पाहून ठेवला आणि पानं एकावर एक धरून तीन टाचण्या मारल्या. आतली चार पानं बंद झाली. सेनापती पडला की लगेच विजयाचे नगारे. पुढे बावीस वर्षं मला असंच वाचलं गेलं.

मग खोली बंद पडली आणि मी वाचणारीच्या ट्रंकेत गेलो. त्या काळाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कसर लागली, एवढंच.

मला बाहेर काढलं ते बॉबीननं. ती आता व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती आणि माझाच गेम करायला निघाली होती. तिनं माझ्या पानापानाचे फोटो काढले. पानांचे आकडे दोनशे अकरावरून एकदम दोनशे सोळावर उडाले, पण आकडे बघायचे कशाला, सगळं तर ऐकून ऐकून पाठ होतं. किल्ला देखणा झाला, घोडे खरे वाटावेत असे धावले. पण खेळून बघायला बोलावलेली माणसं सेनापतीला पाडायची, नगारे ऐकायची आणि उठून जायची. कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या शुक्रवारीही माणसं उठली तर गेम बंद. तीन वर्षांचं काम होतं ते.

हिरमुसलेल्या बॉबीननं घरी येऊन तो गेम आईला दाखवला. सेनापती पडला. नगारे वाजले.

“त्याची आई कुठाय?” आईनं विचारलं.

“कुणाची?”

“पडला त्याची. ती येते ना दिवा घेऊन.”

“आई, असं काही नाही त्यात. मी शंभरदा ऐकलंय.”

आईनं मला मांडीवर घेतलं आणि गंजलेल्या टाचण्यांवरून अंगठा फिरवला. “ऐकलंयस. वाचलं नाहीस.”

बॉबीननं लगेच टाचणीला नख लावलं. आईनं तिचा हात बाजूला केला. ज्या बाईसाठी पानं बंद केली तिला विचारल्याशिवाय ती उघडायची नाहीत, एवढंच ती म्हणाली. मला पिशवीत घालून दोघी मावशीकडे गेल्या.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग बॉबीनच्या आईकडे बघून म्हणाली, “तू त्या पानाशी आलीस की खोकायचीस आणि पाणी मागायचीस. बावीस वर्षं. मला कळत नव्हतं होय गं?”

आईनं मला पिशवीतून काढून मावशीपुढे ठेवलं.

“तुम्ही पानं बंद केलीत, मग माझ्या लेकाचं नावही कुणी काढेना. मला एकदा तरी विचारायचंत.” तिनं स्वतः टाचण्या उपसल्या आणि मला आईच्या हातात दिलं. “वाच आता.”

आईचा आवाज बसला होता, पण ती खोकली नाही.

शुक्रवारपर्यंत बॉबीननं चार पानांचा खेळ केला. सेनापती पडतो, नगारे थांबतात आणि खेळणाऱ्याच्या हातात तलवारीऐवजी दिवा येतो. आता तो त्या म्हातारीला चालवतो. वार करायचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. साहेब म्हणाले, हे टाळून पुढे जायची सोय हवी. बॉबीन नाही म्हणाली.

शुक्रवारी कंपनीत पहिली खेळायला बसली मावशी. मी बाजूच्या टेबलावर होतो. काजं करून वाकडी झालेली तिची बोटं बटणांवर हळू चालत होती. ती प्रत्येक पडलेल्या शिपायापाशी थांबली, दिवा खाली नेऊन तोंड पाहून पुढे गेली. शेवटी मुलगा सापडला. मावशीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघत आपल्या मुलाचं नाव घेतलं. पाठीमागे रांगेत बसलेल्या माणसांपैकी कुणीच उठून गेलं नाही. साहेबही नाही.

मित्रांनो, मला खुशाल फोटोत घाला, पडद्यावर नाचवा, माझे घोडे उडवा. जुन्या काव्याला खेळण्याचं वावडं नसतं. फक्त पानं नीट मोजून घ्या. आणि कुणाच्या भल्यासाठी एखादं पान टाचून ठेवणार असाल, तर आधी त्या माणसाला विचारा. माझ्या त्या पानांवर गंजाची भोकं अजून आहेत. टाचण्या मावशीनं ठेवून घेतल्या. तिला अजून काजं करायची असतात.