ईदच्या दिवशीची हजेरी

शहनाझने आपलं कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा परकारसाहेबांनी ते वाचलंसुद्धा नाही. काचेच्या पेपरवेटखाली सरकवलं आणि चहा मागवला.

"बसा बेटा. ऑडिट काय, दरवर्षीचंच आहे. तीन दिवसांत खलास करून टाकू, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," शहनाझ म्हणाली आणि बसली. फाइल तिने मांडीवर घेतली. या खुर्चीपर्यंत पोचायला तिला सात वर्षं लागली होती.

साल दोन हजार तीन. अबुधाबीहून मुसफ्फाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मतिमंद मुलांचं एक केंद्र होतं. चालवायची एक सेवाभावी संस्था, पण चूल पेटायची ती संघीय सरकारच्या अनुदानावर. ज्या दिवशी जितकी मुलं हजर, तितकं त्या दिवसाचं अनुदान. मुलामागे पन्नास दिरहम, म्हणजे आपले सव्वासहाशे रुपये. तेव्हा तिथलं सगळ्यात मोलाचं पुस्तक कुठलं, तर हजेरीचं. अब्दुलगनी परकार तिथले मॅनेजर, अगदी पहिल्या दिवसापासूनचे. रत्नागिरीकडचे, बोलायला गोड, पाच वेळचे नमाजी. शहनाझही तिकडचीच, आणि तिचे अब्बा बदरुद्दीन एके काळी याच केंद्राची बस चालवायचे.

बदरुद्दीन शाळा फार शिकले नव्हते, पण लिहायचं वेड भारी. रोज दुपारी बस लावली की बॉनेटवर लॉगबुक ठेवून किती मुलं आणली, किती पोचवली, किती किलोमीटर झाले, सगळं टिपून ठेवायचे. बस निघाली नाही तर त्या तारखेवर आडवी रेघ मारून 'बस बंद' लिहायचे आणि खाली सही करायचे. दुसऱ्या ड्रायव्हरांनी त्यावरून थट्टा केली तरी त्यांनी सवय सोडली नाही.

शहाण्णव साली रमजानचे एकोणतीस रोजे झाले, तिसाव्याची तयारी चालली होती आणि चंद्र दिसला. रातोरात ईद जाहीर झाली. सकाळी अब्बा नमाजाला गेले, आणि लॉगबुकात त्या तारखेला रेघ पडली.

हजेरीपुस्तक मात्र आधीच भरून तयार होतं. परकारसाहेबांची ती जुनी रीत. ईदेच्या सुट्टीला घाई असायची, म्हणून आठवडाभर आधीच, घरी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजवाल्याने फुकट वाटलेलं कॅलेंडर समोर ठेवायचं आणि सुट्टीपर्यंतच्या सगळ्या हजऱ्या एका बैठकीत मारून टाकायच्या. कॅलेंडरवाल्याने ईद एक दिवस पुढे छापली होती. चंद्र काही कॅलेंडर बघून निघत नाही. झालं, ऐन ईदच्या दिवशी केंद्रात अडतीस मुलं हजर!

आठ महिन्यांनी ऑडिटवाले आले. ती तारीख ईदची होती हे कुणाच्या लक्षात राहतंय? त्यांनी दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवली आणि शेरा मारला, हजेरी आणि लॉगबुक जुळत नाही, खुलासा करा. परकारांनी खुलासा केला. ड्रायव्हरने लॉगबुकात खोटी नोंद केली आहे. दुरुस्ती म्हणून सदर ड्रायव्हरला कामावरून काढून त्याचा व्हिसा रद्द केला आहे. यापुढे हजेरी रोज मॅनेजर स्वतः घेईल आणि सही करेल. मंत्रालयाला आणखी काय हवं होतं? शेरा बंद झाला.

ड्रायव्हरला कुणी काही विचारलं नाही. दहा दिवसांत खोली खाली करायला सांगितलं, तेव्हा अब्बा लॉगबुकाची कार्बन कॉपी घेऊन परकारांकडे गेले. "साहेब, ईद होती त्या दिवशी. तुम्ही माझ्या बाजूलाच होता."

होतेच. एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून दोघांनी नमाज पढला होता, आणि नमाजानंतर परकारांनी त्यांना मिठी मारून ईद मुबारक केलं होतं. पण आता साहेबांनी नुसतं घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "यल्ला, चल बदरू, उशीर होतोय." नोकरी गेली, देश सुटला, हे शहनाझने कसंबसं पचवलं. ती मिठी तिला कधी पचली नाही.

तिची बारावीची परीक्षा चार महिन्यांवर होती. सगळं अर्धवट टाकून ती आईबापांबरोबर गावी गेली, आणि एक वर्ष बुडालं. गावात बातमी आधीच पोचली होती की बदरूने साहेबाच्या पुस्तकात खोटं लिहिलं म्हणून हाकलला. मदरशाची जीप चालवायला माणूस हवा होता, तिथेही त्यांना कुणी घेतलं नाही. शेवटी मासळीच्या बर्फाचा टेम्पो मिळाला. शहनाझने बी.कॉम. केलं, वर्षभर मुंबईत घासली, आणि अबुधाबीतल्या एका ऑडिट फर्मचा व्हिसा मिळाल्याबरोबर निघाली. फर्मकडे सरकारी अनुदानाच्या संस्थांचं काम येतं हे तिने आधीच शोधून काढलं होतं.

केंद्राची फाइल आली तेव्हा तिने ती मागून घेतली. अपर्णा मॅडम तिच्या सीनियर. त्यांनी नेहमीचा फॉर्म पुढे केला. 'या संस्थेच्या सध्याच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी आपले नातेवाईक आहेत काय?' शहनाझने 'नाही' लिहिलं. खोटं नव्हतं ते. सध्याच्या कर्मचाऱ्यांत तिचं कुणीही नव्हतं.

दुसरा ऑडिटर असता तर त्याने एक तारखेपासून सुरुवात केली असती. शहनाझने गेल्या रमजानचं शेवटचं पान उघडलं. गेल्या वर्षीही एकोणतीसच रोजे झाले होते, तिने स्वतः मोजून धरले होते. ईदच्या तारखेवर तिचं बोट थांबलं. एकेचाळीस मुलं हजर. खाली परकारसाहेबांची झोकदार सही. तिने लॉगबुक ओढलं. बस निघाली, एकेचाळीस मुलं आणली, एकेचाळीस पोचवली, चौसष्ट किलोमीटर. तिथेही तीच सही. माणूस शिकला होता म्हणायचा! आता लॉगबुकही ड्रायव्हरच्या हातात राहिलं नव्हतं. दोन्ही पुस्तकं इतकी छान जुळत होती की कुणीही डोळे मिटून बरोबरची खूण केली असती.

मग तिने आवक टपालाची फाइल चाळली. त्याच तारखेला ईदची सुट्टी जाहीर करणारं सरकारी परिपत्रक तिथे होतं, केंद्राचाच 'मिळाले' शिक्का मारलेलं. शहनाझला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. ती बाथरूममध्ये गेली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघून मनसोक्त हसली.

शेरा तिने अर्ध्या पानात लिहिला. शेवटचं वाक्य मात्र तीनदा घासूनपुसून घेतलं. 'सन १९९६ मध्ये हाच दोष आढळला होता. त्या वेळच्या दुरुस्तीनुसार हजेरीची जबाबदारी मॅनेजरने स्वतःवर घेतली होती.' खाली नियम होता तो टाकला. दोष पुन्हा आढळल्यास जबाबदार व्यक्तीवर कारवाई व्हावी, अन्यथा अनुदान थांबेल.

मसुदा वाचून अपर्णा मॅडमनी चष्मा काढला. "शहनाझ, it's solid. पण अनुदान थांबलं तर त्या पोरांनी कुठे जायचं?"

"नाही थांबणार मॅडम. त्यांनी खरं कारण लिहिलं आणि कारवाई योग्य माणसावर झाली, तर एक दिरहमही थांबत नाही. फक्त खरं लिहायला हवं."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मी लिहून घेईन," शहनाझ म्हणाली.

खुलाशाच्या फॉर्मवर दोन रकाने होते, दोष का घडला आणि दुरुस्ती काय केली. परकारांचा पहिला खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. ऑफिसातल्या हमीदा नावाच्या क्लार्कने चुकून हजेरी मांडली. दुरुस्ती, सदर क्लार्कला काढून टाकले आहे. शब्दसुद्धा तेच, सात वर्षांपूर्वीचे. शहनाझच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लाल पेनने लिहिलं, 'सही क्लार्कची नाही. हमीदा यांना आधी कामावर घ्या. खुलासा अमान्य.' आणि परत पाठवला. दुसऱ्यांदा सध्याच्या ड्रायव्हरचा नंबर लागला. तोही परत गेला.

तेव्हा परकारसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी चहाबरोबर खजूर होते आणि दार लावलेलं होतं.

"बेटा, आपण एका मुलखातले. एका दिवसाची तर चूक. एकेचाळीस गुणिले पन्नास, दोन हजार पन्नास दिरहम. पंचवीस हजार रुपये! मी खिशातून भरतो."

"पैसे तर भरायचेच आहेत साहेब. मी कारण विचारतेय."

"माझा व्हिसा या केंद्रावर आहे. घर केंद्राचं. माझी अलिना बारावीला आहे, मार्चमध्ये तिची परीक्षा आहे." त्यांचा आवाज खरोखरच फाटला. "कुठे जाऊ मी या वयात?"

अलिनाचं नाव ऐकून शहनाझने हातातला खजूर परत बशीत ठेवला. त्या पोरीने तिचं काय वाकडं केलं होतं? पण मग तिला एक दुसरी मुलगी आठवली, अबुधाबी एअरपोर्टवर अकाउंटन्सीचं पुस्तक छातीशी धरून बसलेली. तिची दया कुणाला आली होती?

"दहा दिवस पुरतात सामान बांधायला," ती म्हणाली. "लोकांनी बांधलंय. खरं कारण लिहिलं नाहीत तर मी 'खुलासा नाही' म्हणून पाठवते, मग अनुदान थांबेल आणि एकेचाळीस घरांना तुम्ही सांगा का ते. उद्या दुपारपर्यंत द्या."

तिसरा खुलासा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. परकारांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. केंद्रात सुट्टीपूर्वी हजेरी कॅलेंडर पाहून आगाऊ भरली जाते. ही पद्धत माझी असून शहाण्णवच्या आधीपासूनची आहे. शहाण्णव सालचं लॉगबुक बरोबर होतं, ड्रायव्हरची चूक नव्हती. दुरुस्ती, मी राजीनामा देत आहे.

शहनाझ कागद घेऊन तडक खाली टेलिफोन बूथमध्ये गेली. फोनचं कार्ड घातलं, गावातल्या वाण्याच्या दुकानी फोन लावला आणि अब्बांना बोलावून घेतलं. धापा टाकत ते आले. तिने सगळं वाचून दाखवलं, दोनदा. वाचता वाचता तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

 कार्डावरचे दिरहम पळत होते.

"अब्बा? ऐकलंत ना?"

"ऐकलं गो. चांगलं केलंस." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "त्यात माझं नाव आहे काय?"

शहनाझने कागद पुन्हा पाहिला. ड्रायव्हर. नुसता ड्रायव्हर.

"नाव नाही, अब्बा."

"मग कुणाला कसं कळायचं तो मी?" अब्बा म्हणाले. "असू दे. तू जेवलीस काय?"

ती जेवली नव्हती. ती जिना चढून सरळ परकारांच्या केबिनमध्ये गेली. साहेब टेबलाचे खण रिकामे करत होते. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"हेही अमान्य."

"आता काय राहिलं?" परकार जवळजवळ ओरडले. "राजीनामा दिला! सगळं कबूल केलं! आणखी काय हवंय तुला माझ्याकडून?"

"ड्रायव्हर म्हणजे कोण? नाव लिहा. पुरं नाव, सही आणि तारीख."

परकारांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. कपाळाला आठ्या पडल्या. शहनाझ उभ्या उभ्या बघत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की हा माणूस वेळ काढत नाहीये. तो आठवतोय.

"बदरू," ते शेवटी म्हणाले. "बदरूच म्हणायचो आम्ही त्याला. पुरं नाव... सात वर्षं झाली बेटा. कुठे लक्षात राहतं?"

सात वर्षं तिने या माणसाचा चेहरा रोज आठवला होता. जेवताना, अभ्यास करताना, बर्फाच्या टेम्पोखाली दुरुस्तीसाठी अब्बा ओले होऊन पडलेले बघताना. आणि याला नाव आठवत नव्हतं. इतका राग तिला एअरपोर्टवरसुद्धा आला नव्हता.

"तुमच्याच टेबलावर आहे," ती म्हणाली. "मी आले त्या दिवसापासून आहे. पेपरवेट उचला."

परकारांनी पेपरवेट उचललं. कार्ड काढलं, चष्मा लावला आणि पहिल्यांदा वाचलं. शहनाझ बदरुद्दीन, ऑडिटर. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"लिहा," शहनाझ म्हणाली.