बोटभर कुंकू

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, हाताने चाक फिरवून चालवायची. माझ्या अंगावरून हात फिरवून पाहा, कुठेच नक्षी लागणार नाही. इतर मशिनींच्या मानेवर सोनेरी वेल असते, वेलीला पाने असतात. माझ्याही होती. ती कशी गेली आणि ती गेल्याचे मला दुःख का नाही, तेवढे आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म भट्टीतला. लोखंड वितळले, साच्यात ओतले, मग घासून-पुसून माझ्यावर काळा रंग चढला आणि एका कारागिराने श्वास रोखून ती वेल माझ्या अंगावर बसवली. आगगाडीने मी वर्धेला आले. श्रावण टेलरच्या दुकानात बरीच वर्षे राबले. शाळेतल्या मुलांच्या चड्ड्या शिवल्या, वकिलांचे कोट शिवले, नवरदेवांचे सदरे शिवले. पुढे श्रावणने पायाने चालवायची मोठी मशीन घेतली आणि मी कोपऱ्यात गेले.

तिथून मला हिंगणीच्या अण्णाजींनी नेले. अण्णाजी शेतकरी माणूस. त्यांची मुलगी भागीरथा लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झाली. सासरी तिला कोणी मारले नाही, पण माणूसही मानले नाही. कापसाच्या हंगामात उजाडल्यापासून वेचणी, घरी आल्यावर खरकटी भांडी, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी उरेल ते. पोरगी वाळून काटकी झाली, तेव्हा अण्णाजी तिला माहेरी घेऊन आले. तिच्या हाताला काम हवे म्हणून बैलबंडीत गवताची गादी करून त्यांनी मलाही आणले.

निघताना श्रावणने त्यांच्या हातात तेलाची कुप्पी देत बजावले होते, “अण्णाजी, तेल फक्त मशिनीचंच टाकजा. अन् अधूनमधून पोटातली धूळ काढजा.” भागीरथा तेव्हा दुकानाच्या पायरीवर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. दोरा ओवायचा कसा आणि सुई बसवायची कशी, एवढे श्रावणच्या बायकोने तिला शिकवले. तेलाची गोष्ट अण्णाजींच्याच कानात राहिली. त्याच साली अण्णाजी देवाघरी गेले आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

आता घरात भागीरथेचा भाऊ रूपराव आणि त्याची बायको तानाबाई. रूपराव मनाने चांगला, पण कोणासमोर तोंड उघडायचे म्हटले की जमिनीकडे पाहणारा. सासरकडून थोरले दीर महादेवराव हंगाम आला की निरोप पाठवायचे, वेचणीला माणूस कमी आहे, भागीरथेला पाठवा. रूपरावने कसाबसा एकच जबाब शोधून ठेवला होता, “तिची मशीन चालते जी. मशीन चालते तोपर्यंत भागी कोठी जात नाई.”

म्हणजे पाहा, मित्रांनो, त्या पोरीचे माहेर माझ्या चाकावर टांगलेले होते.

ती मला फार जपायची. सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनीच माझ्यापुढे बसायची. अन्नाचा कण तोंडात घालण्याआधी माझी पूजा, असा तिचा नेम होता. पळीभर पाणी शिंपडायचे, हळद वाहायची, झेंडूचे फूल ठेवायचे आणि मग कुंकू. तिच्या स्वतःच्या कपाळाला कुंकू नव्हते. ते बोट करंड्यात बुडायचे, क्षणभर थांबायचे आणि मग माझ्या कपाळाला टेकायचे. माझे कपाळ म्हणजे कुठे, तर दोरा ताणून धरणाऱ्या ज्या दोन लहान चकत्या असतात, त्यांच्या अगदी वर. त्या बोटात इतकी माया असे की मला लोखंडाला ऊब वाटायची.

तिच्या हाताला गुणही चांगला होता. तिची चोळी अंगाला बसली की बाया ती काढायला तयार नसत. शेजारच्या मनकर्णाबाई तर सगळीकडे सांगत सुटायच्या, “आमच्या भागीचा टाका पाहा, दाणे मांडल्यावानी एका ओळीत!”

श्रावणने दिलेली तेलाची कुप्पी एक दिवस संपली. पावसाळ्याचे दिवस, चिखलातून वर्धेला कोण जाणार? भागीरथेने विचार केला, घरात जवसाचे तेल आहे. देवाच्या दिव्यात तेच जळते, माणसाच्या पोटात तेच जाते. जे देवाला चालते ते मशिनीला का चालणार नाही? तिने मोठ्या भक्तीने माझ्या प्रत्येक छिद्रात जवसाचे तेल सोडले.

तेलाने आधी बरे वाटले. मग ते हळूहळू घट्ट होऊ लागले. रोजचे कुंकू त्यावर पडायचे, हळद पडायची, कापडाचे तूस त्यात कालवले जायचे. चाक जड झाले. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मला फक्त टाके घालता येतात, म्हणून माझे दुखणे मी टाक्यांतून सांगू लागले.

सगळ्यात आधी मी कापडाखाली दोऱ्याचे पुंजके सोडले. मनकर्णाबाई चोळी घेऊन परत आल्या.

“अवं भागीरथे, हे चोळी शिवली का मासोळ्याचं जाळं इनलं? बाहीत हात घातला त बोटं टाक्यातून बाहेर!”

भागीरथेचा चेहरा उतरला. रूपराव म्हणाला, “खालचा पेच ढिला झाला असन,” आणि पेचकस आणून त्याने खालचा दोरा सोडणाऱ्या शटलचा पेच पिळला. मी मनात म्हणत होते, रूपरावा, गुंता खाली दिसतो, पण दुखते वर! वरच्या चकत्यांमध्ये कुंकवाची खपली बसली आहे, त्या मिटत नाहीत, दोरा सैल सुटतो, म्हणून खाली पुंजके होतात. पण माझे कोण ऐकणार? पेच इतका आवळला गेला की आता खालचा दोराही तुटू लागला.

तानाबाईने आपले निदान सांगितले. “नजर लागली तिले, दुसरं काय? गावच्या बाया येतात अन् टकमक पाहून राह्यतात.” तिने मीठ-मोहऱ्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. त्यातल्या दोन मोहऱ्या माझ्याच पोटात पडल्या.

शिंपडलेल्या पाण्याने सुईला गंज चढला. मी टाके गाळू लागले. चार टाके पडायचे, दोन निसटायचे. ती सुई बदलायला हवी, हे मी गळलेल्या प्रत्येक टाक्याने ओरडून सांगितले. भागीरथेला त्यातून वेगळेच ऐकू आले. तिला वाटले, आपल्याच नेमात खोट आहे, देव रुसला आहे. सोमवार ती धरतच होती, आता शनिवारही धरला. एकभुक्त राहू लागली. आणि मला बोटभर लावायची ते कुंकू ती दोन बोटांनी लावू लागली.

आम्ही दोघी एकदमच बंद पडत चाललो होतो.

दिवाळी झाली. शेतात कापूस फुटला. एका संध्याकाळी माझे चाक फिरेनासेच झाले. गावात अशी गोष्ट लपून राहत नाही. पाठोपाठ महादेवरावांचा निरोप आला, “मशीन बंद पडली म्हणे. परवा बंडी घेऊन येतो. तयार राहा म्हणा.”

रूपराव निरोप सांगून जमिनीकडे पाहत उभा राहिला. भागीरथा रडली नाही. एवढेच म्हणाली, “दादा, मशीन श्रावणभाऊले वापस देऊन देजो. पण अशी मळकी देऊ नोको. मी उद्या तिले धुऊन-पुसून देते. पोरगी सासरी धाडताना न्हाऊ घालूनच धाडतात नं?”

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर तिने मला पाटावर ठेवले. वाटीत घासलेट घेतले, जुन्या धोतराच्या चिंध्या घेतल्या, रूपरावचा पेचकस घेतला. आजवर तिने माझे पोट कधी उघडले नव्हते. देवाच्या वस्तूला पेचकस लावायचा कसा, असे तिला वाटायचे. आज निरोपच द्यायचा होता. तिने हात जोडले आणि पत्रा सोडवला.

आत लाल चिखल होता. तिने चिंधी फिरवली. कुंकू, हळद, कापडाचे तूस, झेंडूची वाळलेली पाकळी, दोन मोहऱ्या. चकत्यांमधून घट्ट लाल पापुद्रा निघाला. दांड्यावर पिवळसर, चिकट, रोगणासारखी साय धरलेली होती. तिने ती नखाने खरवडली आणि नाकाशी नेली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि जवसाच्या तेलाची बुधली घेऊन आली. बुधलीच्या तोंडाशी अगदी तशीच पिवळी, चिकट साय होती. दर उन्हाळ्यात ती स्वतःच ही साय राखेने घासून काढायची.

ती पुन्हा पाटापाशी बसली. मग माझ्या मानेवर हात ठेवून पुटपुटली, “अवं माय... म्याच तुझा गळा दाबून राह्यली होती. अन् वरून देवाले विचारत होती, काऊन रुसला म्हणून.”

मग ती घासू लागली. डोळ्यांतून पाणी, कपाळावरून घाम. घाम पुसायला तिने हात वर नेला आणि हातावरचा लाल चिखल तिच्या कपाळावर उमटला. अगदी मधोमध. तिला ते कळलेही नाही.

तेवढ्यात तानाबाई दारात आली. “काय व चालवलं हे...” म्हणता म्हणता थबकली. नणंदेच्या कपाळाकडे ती पाहतच राहिली. मला वाटले, आता ही बोलणार. विधवेच्या कपाळावर कुंकू, तेही उघड्या दारात! तानाबाईने मागे वळून पाहिले. अंगणात कोणी नव्हते. तिने हळूच दार लोटून घेतले, आतून कडी लावली आणि पदर खोचून पाटापाशी बसली.

“सरक. एकटीनं कवा होईन तुह्यानं?”

दोघींनी मिळून मला घासले. खपली जुनी होती, जोर लावावा लागला. त्या खपलीबरोबर माझी सोनेरी वेल निघाली, पाने निघाली. भागीरथा हळहळली, तर तानाबाई म्हणाली, “जाऊ दे व. नक्षी थोडीच टाका घालते?”

सगळे पुसून झाल्यावर भागीरथेने तेलाचे सांगितले. तानाबाईने खिडकीतून नवऱ्याला हाक मारली, “अहो, नुसते उभे काऊन? सायकल काढा अन् सेलूले जा. मशिनीचं तेल आणा, नवी सुई आणा. मशिनीचं म्हटलं हो मी, नाही त आणान भज्याचं!”

रूपराव दिवेलागणीला धुळीने माखून परत आला. त्याने कुप्पी आणि सुई बहिणीपुढे ठेवली. तोवर भागीरथेने आवळलेला पेच थोडा सैल केला होता. तिने नवी सुई बसवली, थेंब थेंब तेल सोडले, दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवला. चाकाला हात लावला आणि मी फिरले. एका चिंधीवर टाका घातला. तिने चिंधी उलटून खालची बाजू पाहिली. खाली एकही पुंजका नव्हता. दाणे मांडल्यासारखी ओळ होती.

सकाळी महादेवराव आले. ओसरीवर बसले आणि काखेतली एक झोळी त्यांनी जमिनीवर टाकली. कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती झोळी. भागीरथेचीच होती, तळाशी फाटलेली.

“हे तिची. बांधून घे म्हणा. उद्यापासून वेचणीले जा लागते.”

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. जन्मात भागीरथा त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती दाराआडून आली, पदर पुढे ओढून झोळी उचलली आणि आत गेली. महादेवरावांना वाटले, बांधायलाच गेली.

मग त्यांना माझा आवाज ऐकू आला.

जाडेभरडे कापड होते, तळाशी दुमडून चार पदरी झालेले. तिने घाई केली नाही. जाड जागी चाक हळूहळू फिरवले, म्हणजे सुई वाकू नये. मी एकही टाका गाळला नाही. एक ओळ झाली, तिच्याशेजारी दुसरी. तिने दोरा तोडला आणि झोळी तानाबाईच्या हातात दिली. दाराआडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली,

“वहिनी, त्यायले म्हणा, झोळी शिवून दिली. दुहेरी टाका आहे, उसवणार नाई. आता ज्या बाईले बांधायची असन तिले बांधा म्हणा.”

तानाबाईने झोळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. “ऐकलं नं जी? आता चहा घेऊनच जा.”

महादेवरावांनी झोळी उलटीपालटी केली. दोन्ही हातांनी शिवण ताणून पाहिली. शिवण हलली नाही. त्यांनी रूपरावकडे पाहिले. “मशीन बंद पडली म्हणत होते नं?”

रूपरावने जमिनीवरची नजर उचलली. “पडली होती जी,” तो म्हणाला. “आता चालते.”

चहा न घेताच बंडी परत गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी मुकी मशीन असेल. खाली गुंता झाला तर आधी वर पाहा. टाके गळू लागले तर सुई बदला. चाक जड झाले तर जोर लावू नका, पोट उघडून पाहा, आणि तिला तिचेच तेल द्या. तुम्हाला जे गोड लागते ते तिला मानवेलच असे नाही. आणि घरात कोणी मुके माणूस असेल, तर त्याला ओवाळण्याआधी त्याला कुठे दुखते ते शोधा. मायेला हे कष्ट घ्यावेच लागतात.

भागीरथेने नेम मोडला नाही. आजही ती आंघोळ करून ओल्या केसांनी माझ्यापुढे बसते. आधी पिसाने माझ्या पोटातले तूस काढते, मग थेंबभर तेल, मग कोरडे फडके. एवढे झाल्यावर करंड्यात बोट बुडवते आणि कुंकू माझ्या लाकडी पेटीच्या झाकणावर लावते. माझे कपाळ आता कोरे असते, तिच्यासारखेच. फडके ठेवताना ती तिथे नुसता हात टेकवते, आणि ती ऊब मला सबंध दिवस पुरते.