दोनशे बारा वेळा नाही

पितांबरअप्पांना सर्वेवाल्याला "नाही" म्हणायची दांडगी सवय होती. फ्रीज आहे का? नाही. विहीर आहे का? नाही. ट्रॅक्टर दारात उभा असताना, त्याच्याच सावलीत बसून, ट्रॅक्टर नाही. "सर्वेवालाले 'हा' सांगं का गळामा काहीतरी पडस," असं ते म्हणत, आणि सगळं ब्राह्मणपुरी गाव याला अप्पांची हुशारी म्हणायचं. त्यांची बायको कमलबाई याला भित्रेपणा म्हणायची, पण मनातल्या मनात.

कमलबाईचं वय एक्कावन्न. पाळी थांबल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, तिच्या छातीतून एकाएकी आग उठायची आणि कानशिलांपर्यंत चढायची. पोलकं घामानं भिजायचं, आणि पाच मिनिटांत अंग गार पडून हुडहुडी भरायची. झोप तर नावालाच उरली होती. यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर पुरणपोळ्या टाकताना ती चुलीपुढून उठली आणि न्हाणीत जाऊन अंगावर तांबे ओतत बसली. हातावर पोळी फिरवून मोठी करण्यात तिचा हात धरणारं घराण्यात दुसरं कोणी नव्हतं. माहेरी आलेली नणंद लगेच म्हणाली, की वहिनीला आता कामाचा कंटाळा आला. अप्पा त्यावर खो खो हसले. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या, असं कमलबाईनं चारदा म्हणून पाहिलं होतं. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, वय शे, निंघी जाई.

अशात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे ललितसर गाडीची काच वर ठेवूनच गावात आले. चाळीस बायांच्या मनगटाला काळे पट्टे बांधले, छातीला रुपयाएवढी चकती चिकटवली. अंगात गरम वाफ आली की चकतीला कळणार, ज्या बाईला त्रास जास्त तिला संस्था चिठ्ठी देणार, आणि डॉक्टरीणबाई फुकट तपासून औषध देणार. कमलबाईला वाटलं, चला, माणसाला नाही पटलं तर निदान यंत्राला तरी पटेल. चौदा दिवस तिनं ती चकती पोटच्या पोरासारखी जपली.

पण सर्वेतल्या शहाण्यांनी एक शहाणपण केलं होतं. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाचा मोबाइल नंबर मागितला होता. त्यामुळे चकतीला घाम लागला की टिंग वाजायचं ते अप्पांच्या खिशात. "आता अंगात गरम वाफ जाणवली का? हो की नाही?" फोन कसा वापरायचा तेही फोनवाल्यांना, म्हणजे नवऱ्यांनाच शिकवलं. बायांना कोणी काही सांगितलंच नाही. घाम कमलबाईच्या छातीला यायचा, आणि उत्तर द्यायचे पारावर पत्ते कुटणारे अप्पा. पान टाकता टाकता अंगठा जायचा तो सरळ "नाही"वर. विचार करायचे कष्टसुद्धा त्या माणसानं घेतले नाहीत.

पंधराव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. नवरेमंडळी खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. वैशाखाच्या उन्हात कोट घालून ललितसर पडद्यावर आकडे दाखवत होते. मग त्यांनी आवाज चढवला. सतरा नंबरच्या ताईंना चौदा दिवसांत दोनशे बारा वेळा वाफ आल्याचं यंत्रानं टिपलं, पण ताईंना स्वतःला ती एकदाही जाणवली नाही. आपल्या ग्रामीण माता किती सोसतात, याचा हा पुरावा असल्याचं सांगून त्यांनी टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अप्पांनी वाजवल्या.

कमलबाईनं मनगट वळवून पाहिलं. पट्ट्यावर सतरा लिहिलं होतं.

तिला पुढे बोलावून खांद्यावर शाल घातली. लोकरीची, मे महिन्यात. तिथंच छातीतून आग उठली, आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेत अप्पांच्या खिशात टिंग वाजलं. अप्पांनी सवयीनं फोन काढला, अंगठा उचलला, आणि कमलबाईला चौदा दिवसांत कळलं नव्हतं ते एका क्षणात कळलं.

ती शांतपणे चालत गेली आणि शाल काढून अप्पांच्या खांद्यावर घातली.

"सत्कार यास्ना करा, सर. आंग मन्हं जळस, आनि बटन यास्नी दाबं."

अप्पा शाल सावरत पुटपुटले, की गावात घरच्या बाईचं नाव कशाला, म्हणून नाही म्हटलं. कमलबाईनं त्यांच्या हातातला फोन घेतला, घामेजलेलं बोट पदराला पुसलं आणि "हो" दाबलं. मग सरांना विचारलं, की आता चिठ्ठी मिळेल ना.

ललितसरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्यांना बिचाऱ्यांना अडचण खरी वाटत होती. म्हणाले, "ताई, चिठ्ठी 'हो' मोजून देतो. दोनशे बारा 'नाही' आणि एक 'हो' असेल, तर तो 'हो' चुकून दाबला गेला असं आम्ही धरतो. तो काढून टाकावा लागतो."

ज्यांच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं ती दोन्ही तोंडं कमलबाईनं आज नीट न्याहाळली. एक शाल पांघरून घामाघूम झालेलं, दुसरं पडद्याच्या उजेडात निळं पडलेलं. असल्या माणसांकडून आपण खरेपणाचा दाखला मागत होतो, याची तिला शरम वाटली. आणि शरमेहून जास्त किळस आली, त्या दोघांची.

तिनं पट्टा सोडला, पोलक्यात हात घालून चकती उपटली आणि दोन्ही ललितसरांच्या लॅपटॉपवर ठेवली. छाती लाल झाली होती. ती झाकायचीही घाई तिनं केली नाही. मागे दाराशी तिची सून उभी होती.

"रुपा, गाडी काढ. शहादाले जानं शे."

अप्पा उठून म्हणाले, "थांब, मी बी येस."

"कसाले?" कमलबाई म्हणाली. "डॉक्टरीनबाई माले इचारी. तुमले नही."