ह्यू लाइलची सात पाने

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या पुठ्ठ्यावरचे वासराचे कातडे तडकले आहे. मधली सात पाने कुणीतरी कापून नेली आहेत, असे मला हाताळणाऱ्याला वाटते. कुणी नेली नाहीत. ती माझ्या धन्यानेच कापली.

माझा धनी गॅव्हिन प्रिंगल एडिंबरोत वकिली करी, पण कोर्टात त्याचे मन रमत नसे. त्याला कवी एबेनेझर लाइल यांचे चरित्र लिहायचे होते. लाइल पूर्वी शाळामास्तर होते. डोंगरात बर्फाखाली गेलेल्या धाकट्या भावावर, ह्यूवर, त्यांनी लिहिलेले विलापगीत घरोघरी पाठ होते.

प्रिंगल रोज दुपारी त्यांच्याकडे जाई. त्यांच्यासमोर तो लेखणी काढत नसे. घरी आला की अंगातला ओला कोटही न काढता मला उघडी आणि ऐकलेला शब्द न् शब्द उतरवी. मास्तर कुणावर चिडले, ओटची भाकरी चहात बुडवताना काय पुटपुटले, सारे. "उद्यावर टाकलं की शब्द शिळे होतात," असे तो म्हणे. एका माणसाचे अख्खे आयुष्य माझ्या स्वाधीन होते. मला त्याचा गर्व वाटे.

एका हिवाळ्यात लाइल अंथरुणाला खिळले. तिथल्या एका दुपारचे बोलणे प्रिंगलने माझी सात पाने भरून उतरवले.

"गॅव्हिन, सगळं लिहितोस ना रे?"

"सगळं, मास्तर."

"मग हेही लिही. ह्यू पिऊन वाट चुकला, असं मी गावाला सांगितलं. खोटं आहे ते. तो थेंबभरही प्यायला नव्हता. डोंगरात त्याचा पाय मोडला. मदत आणतो म्हणून मी खाली आलो आणि खाणावळीत शेकोटीपुढे बसलो. परत वर जायचा धीरच झाला नाही. सकाळपर्यंत कुणाला बोललोसुद्धा नाही. छाप हे. मला संत केलंस तर मानगुटीवर बसेन तुझ्या."

आठवड्याभरात लाइल गेले. पुरून झाल्यावर त्यांची बायको युफेमिया काळ्या कपड्यांत आमच्या दारी आली.

"प्रिंगलसाहेब, दाराआडून मी ऐकलंय सगळं. ते छापलंत तर लोक थुंकतील आमच्या तोंडावर. दोन मुली आहेत लग्नाच्या."

"मी त्यांना शब्द दिलाय, बाई."

"मेलेल्या माणसाला! आम्ही जिवंत आहोत, त्याचं काय?"

ती उठेना. शेवटी प्रिंगलने सुरी घेतली. मित्रांनो, वहीला ओरडता येत नाही. सात पाने तिने स्वतःच्या हाताने शेगडीत घातली आणि ती राख होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

चरित्र छापले गेले. मास्तर जणू समोर बसून बोलताहेत, असे लोक म्हणाले. ह्यूबद्दल त्यात एकच ओळ होती. तो दारूच्या नशेत वाट चुकून गेला.

वसंतात एक म्हातारी आमचा उंच जिना चढून आली. घोट्यापर्यंत चिखल होता. ती ह्यूची विधवा, ग्रिझेल.

"मला वाचता येत नाही, साहेब. पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं. तीस वर्षं गाव मला दारुड्याची बायको म्हणतंय. पोराला कुणी कामाला ठेवेना. गेला बिचारा समुद्रापार, परत आलाच नाही. म्हटलं, एवढा खोदून विचारणारा माणूस, ह्याच्या पुस्तकात तरी खरं निघेल. माझा ह्यू दारूला शिवत नव्हता हो. तुम्ही भावोजींना विचारलं होतं का?"

मी टेबलावरच होते. प्रिंगलचा हात माझ्यावर आला आणि तिथेच थांबला.

"नाही," तो म्हणाला. "विचारायचं राहून गेलं."

"मग तुमचा तरी काय दोष," ती म्हणाली आणि भिंत धरत जिना उतरली.

त्यानंतर महिनाभर तो माझ्या कोऱ्या पानांवर तेच बोलणे पुन्हा लिहू पाहत होता. मास्तरांचा आवाज त्याला सापडेना. लिही आणि खोडी. अखेर जमले तेवढे घेऊन, मला खिशात घालून, तो तिच्या गावी गेला. ग्रिझेलला वारून नऊ दिवस झाले होते. त्याने ती पाने पाद्रीबाबांपुढे ठेवली.

"मूळ कागद कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"जाळले."

"मग ही तुमची आठवण झाली. पुस्तक तर तुम्हीच लिहिलंय. लोक कशावर विश्वास ठेवतील?"

प्रिंगलने पुन्हा काही लिहिले नाही. तो फार पिऊ लागला आणि त्यातच गेला. मी पेटीत पडले. माझ्या कडा उंदरांनी खाल्ल्या, पण त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाचे आयुष्य लिहाल. एखादे पान कापावेसे वाटले, तर त्या पानावर आणखी कोण आहे ते आधी बघा. ते माणूस कदाचित वाचू शकत नसेल, तुमच्या दारापर्यंत पोहोचायला त्याला उशीरही होईल. त्याच्यासाठी ते पान राहू द्या.

प्रिंगलचे पुस्तक अजून छापले जाते. त्यात ह्यू अजूनही पिऊन वाट चुकतो.