कावळ्याने मागितलेला मल्टीमीटर

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला की माझी बायको सुनीती गेली. जेवणाच्या टेबलावर तिचा अर्धवट कॉम्प्युटर पसरलेला होता. निवृत्तीनंतर ती सुट्या चिप्स आणि तारा आणून तो स्वतः जोडत होती.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात, म्हणून आम्ही हात जोडून वचनं द्यायला लागलो. मुलगी स्वराली म्हणाली, "आई, बाबांना सांभाळेन." कावळा हलला नाही. मी म्हणालो, "गोळ्या वेळेवर घेईन." त्याने मान फिरवली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "बरं, तुझा कॉम्प्युटर मी पुरा करतो!"

कावळा लगेच शिवला.

स्वराली म्हणाली, "बाबा, तुम्हाला बल्ब बदलता येत नाही."

तेरावा झाल्यावर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. "व्होल्ट मोजायला स्वस्तातला मल्टीमीटर द्या. कावळ्याला शब्द दिलाय."

दुकानदाराने वर पाहिलंही नाही. "कावळा किती व्होल्टवर चालतो?"

"कॉम्प्युटर पाच व्होल्टवर. बायकोने वहीत लिहून ठेवलंय."

"मग हा साधा बास झाला. तार जोडलेली असेल तर वाजतो, तुटली असेल तर गप्प. फक्त घरच्या प्लगात घालू नका काका, नाहीतर तुमच्या कावळ्याला आम्हाला वचन द्यावं लागेल."

घरी येऊन मोजलं. पाच व्होल्ट बरोबर येतात, पण पडद्यावर काही दिसत नाही. वहीतली अजून सतरा पानं वाचायची आहेत आणि कॉम्प्युटर सुरू व्हायचा राहिलाय.